संगणकांची ऊर्जा-कार्यक्षमता आणि कार्बन उत्सर्जन : एक चिकित्सा

प्रास्ताविक

संगणक कमी विजेवर चालू लागले की कार्बन उत्सर्जन आपोआप घटते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कंपन्यांचे पर्यावरण अहवाल असोत वा महाविद्यालयांचे ग्रीन ऑडिट, त्यांच्या मुळाशी बहुधा हेच गृहीतक असते. प्रस्तुत लेखात दोन उदाहरणांच्या आधारे या गृहीतकाची चिकित्सा केली आहे.

यंत्राची कार्यक्षमता

२००७ मध्ये गूगल व इंटेल यांच्या पुढाकाराने ‘क्लायमेट सेव्हर्स कंप्युटिंग इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम सुरू झाला. संगणकांचा वीजवापर २०१० पर्यंत निम्म्यावर आणावा आणि त्यायोगे वर्षाला ५ कोटी ४० लाख टन उत्सर्जन टाळावे, असे त्याचे उद्दिष्ट होते. उपक्रमामागील तांत्रिक विचार योग्यच होता. प्रत्यावर्ती धारेचे दिष्ट धारेत रूपांतर करताना त्या काळातील पॉवर सप्लायमध्ये बरीच वीज उष्णतेच्या रूपाने वाया जात असे. ती गळती कमी करणे आवश्यक होते. २०१२ मध्ये हा उपक्रम ‘द ग्रीन ग्रिड’ या संस्थेत विलीन झाला.

मात्र ‘टाळलेले उत्सर्जन’ हा हिशेब ‘अन्यथा जे झाले असते’ त्याच्याशी केलेल्या तुलनेवर उभा असतो. संगणकांची एकूण संख्या वाढत राहिली, तर प्रत्येक यंत्रामागे बचत होऊनही एकूण वीजवापर वाढू शकतो.

केंद्राची कार्यक्षमता

‘द ग्रीन ग्रिड’नेच २००७ मध्ये डेटा सेंटरसाठी ‘पीयूई’ हे गुणोत्तर रूढ केले. केंद्राच्या एकूण विजेला संगणकीय उपकरणांच्या विजेने भागले की हे गुणोत्तर मिळते. ते १ च्या जितके जवळ, तितका शीतकरणादी कामांवरील खर्च कमी. या मापामुळे शीतकरणातील अपव्ययाकडे लक्ष वेधले गेले, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. तथापि, एका केंद्रात उपकरणांना १०० युनिट व एकूण २०० युनिट वीज लागते असे मानू, गुणोत्तर २. पुढे उपकरणांचा वापर २०० व एकूण वापर ३०० युनिट झाला, तर गुणोत्तर १.५ पर्यंत सुधारते. वीज मात्र दीडपट लागते. उलट, निरुपयोगी सर्व्हर बंद केले आणि शीतकरणाचा खर्च त्या प्रमाणात घटला नाही, तर गुणोत्तर बिघडलेले दिसते. योग्य कृतीला दोष देणारे माप अपुरेच म्हणावे लागेल.

एकूण वापराचा प्रश्न

कार्यक्षमता निष्फळ ठरली, असा याचा अर्थ नव्हे. २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१० ते २०१८ या काळात जगातील डेटा सेंटरमधील संगणनाचे काम सुमारे साडेसहा पट झाले. वीजवापर मात्र केवळ ६ टक्क्यांनी वाढला. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रसारानंतर हा समतोल टिकला नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये या केंद्रांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होण्याची शक्यता आहे. कोळशाचा वापर कार्यक्षम झाला की त्याची मागणी वाढते, हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवून दिले होते.

समारोप

गुणोत्तर सुधारणे आणि एकूण वापर घटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि वातावरणावर परिणाम होतो तो दुसरीचा. आपल्या महाविद्यालयांनाही हे लागू पडते. समजा, प्रयोगशाळेतील ४० संगणक प्रत्येकी ५० वॅट घेत रोज १६ तास विनावापर चालू राहिले, तर ३०० दिवसांत ९,६०० युनिट वीज वाया जाते. भारतातील वीजनिर्मितीचा विचार करता एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरल्यास हे उत्सर्जन साडेसहा टनांहून अधिक भरते. ते टाळण्यासाठी नवी खरेदी लागत नाही. शिवाय लॅपटॉपसारख्या उपकरणाच्या एकूण उत्सर्जनाचा मोठा हिस्सा त्याच्या निर्मितीतच होत असल्याने, सुस्थितीतील यंत्र केवळ तारांकित लेबलासाठी बदलणे समर्थनीय ठरत नाही. म्हणून ग्रीन ऑडिटमध्ये लेबल असलेल्या उपकरणांच्या संख्येबरोबरच संगणकांचा वार्षिक एकूण वीजवापर आणि त्यांचे सरासरी आयुर्मान यांचीही नोंद अनिवार्य करावी, असे सुचवावेसे वाटते.