ऋतू घडवणारी बाग

सिंगापूर विषुववृत्तापासून सुमारे सव्वा अंश उत्तरेला आहे. तिथे दिवस आणि रात्र वर्षभर जवळजवळ सारखे, उकाडा बाराही महिने, आणि पाऊस कुठल्याही दुपारी हजर. पळस, पांगारा, बहावा यांच्या पाळ्यांवरून वर्ष ओळखणाऱ्या आपल्यासारख्यांना इथे प्रश्न पडतो, की जिथे ऋतूच फिरत नाहीत तिथे बागेने दाखवायचे तरी काय? सिंगापूर बोटॅनिक गार्डन्समध्ये दिवसभर रमतगमत फिरले की त्याचे उत्तर टप्प्याटप्प्याने उलगडत जाते.

१८५९ साली सुरू झालेल्या या बागेची मूळ आखणी लॉरेन्स निव्हेन याची. २०१५ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत घेतले. तिथे पोचलेली ही पहिली उष्णकटिबंधीय वनस्पतीबाग. टँगलिन दरवाजाने आत शिरले की निव्हेनची शैली लगेच कळते. इथली जुनी वाट सरळ जात नाही. ती वळते, थोडी चढते, आणि पुढचे दृश्य झाडांआड राखून ठेवते. १८६६ साली केलेले हंसतळेही असेच वळणावर सामोरे येते. पावले आपोआप मंदावतात आणि चालण्याला बागेची लय लागते.

पुढे टेकडीवर पांढरा, अष्टकोनी बँडस्टँड आहे. १९३० साली तो लष्करी बँडच्या वादनासाठी बांधला गेला. आता तिथे संगीत नसते, पण भोवतालच्या पर्जन्यवृक्षांकडे पाहत राहावे. हा पिवळसर पानांचा प्रकार आहे. हिरव्याच हिरव्या पसाऱ्यात हे झाडांचे कडे कायम नव्या पालवीसारखे उजळलेले दिसते. वसंत येत नाही, म्हणून कुणीतरी तो निवडून लावला आहे.

मग वाट जंगलात शिरते, आणि सगळा सूर बदलतो. सुमारे ६ हेक्टरांचा हा वर्षावनाचा तुकडा बागेहून जुना आहे. उजेड एकदम उतरतो, हवा दाट होते, रातकिड्यांसारखी किर्र भरदुपारी ऐकू येते. फुले शोधायला जावे तर दिसत नाहीत, कारण ती उंच शेंड्यांवर उमलतात. खाली फक्त मुळे, वेली आणि ओलावा. माझ्या मते बागेची किल्ली याच तुकड्यात आहे. या मातीत हिरवे उगवायला माणसाची गरज नाही. हात मागे घेतला तर काही वर्षांत हिरवळीवर रान चढेल. म्हणून इथे खरी कला मोकळी जागा राखण्याची आहे. जंगलातून बाहेर येऊन पाम व्हॅलीच्या उताराकडे पाहिले, की दूर दूर उभे पामचे पुंजके आणि मधली हिरवळ यांचे मोल उमगते. हिरवळीवरचा प्रसिद्ध टेंबुसूही तसाच. पाच डॉलरच्या नोटेवर पोचलेल्या या झाडाची एक जाड फांदी जमिनीलगत आडवी पसरली आहे. दाटीत झाड उजेडासाठी वरच धावते. इथे त्याला आडवे व्हायला अवकाश मिळाला.

या बागेची दुसरी बाजूही डोळ्यांआड करू नये. १८७७ साली रबराची रोपे इथे आली. १८८८ पासून संचालक असलेल्या हेन्री रिडली याने झाड न मारता पुन्हा पुन्हा चीक काढण्याची रीत रूढ केली. पुढे मलायात रबराचे मळे पसरले आणि त्यांच्यासाठी रान तुटले. ज्या संस्थेने ६ हेक्टर जंगल जपले, तिच्याच ज्ञानाने हे घडवले. ही जाणीव सोबत असली, की तो जपलेला तुकडा अधिक मोलाचा वाटतो.

आल्याच्या बागेत आले, हळद, सोनटक्का यांची सोयरी भेटतात. तिथून ऑर्किड उद्यान जवळच. १९२८ पासून इथे ऑर्किडचे संकर होत आले. १९९५ साली खुल्या झालेल्या या उद्यानाचे चार रंगभाग चार ऋतूंना वाहिलेले आहेत. वसंतासाठी पिवळे, सोनेरी आणि सायीचे रंग, उन्हाळ्यासाठी तांबडे-गुलाबी, शरदासाठी मुरलेल्या छटा, हिवाळ्यासाठी पांढरे आणि निळसर-जांभळे. ॲग्नेस जोआकिमने घडवलेले, १८९३ साली रिडलीने नोंदवलेले आणि १९८१ साली राष्ट्रीय फूल ठरलेले ‘व्हँडा मिस जोआकिम’ही इथलेच. बँडस्टँडपाशी सूचित झालेली कल्पना इथे उघड बोलते. निसर्गाने जे काळात दिले नाही, ते माळ्यांनी जागेत मांडले. वर्षभर वाट पाहून मिळणारा फेरा इथे काही पावलांत पुरा होतो. त्यात पळसाची हुरहूर नसेल, पण कल्पकता आहे, आणि ती कल्पकता अस्सल आहे.

बाग पहाटे पाचला उघडते, मध्यरात्रीपर्यंत उघडी असते. ऑर्किड उद्यान सोडल्यास तिकीट नाही. सिंगापूरला गेलात तर घाई न करता एक दिवस तिला द्या, आणि ऑर्किडांआधी जंगलातून चाला. त्या अंधारातून आल्याशिवाय पुढच्या रंगांमागची मेहनत कळत नाही.