खालचा कप्पा

मुलांची खोली आवरण्याच्या रील्सचा एक साचा ठरलेला आहे. पहिले दोन सेकंद पसारा. मग एक चुटकी वाजते आणि पसारा गायब. त्या जागी पांढरं शेल्फ, एकसारख्या वेताच्या टोपल्या आणि प्रत्येक टोपलीवर वळणदार इंग्रजी अक्षरांत लेबल: ब्लॉक्स, ॲनिमल्स, आर्ट. मी अशी रील्स पुष्कळ बघतो. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेला गुंतागुंतीचा कोड निस्तरणाऱ्या माणसाला रात्री अकरा वाजता कुणीतरी काहीतरी नीट लावताना बघून बरं वाटतं, यात लाजण्यासारखं काही नाही. पण कॅमेरा कुठे आहे ते एकदा बघा. तो मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. लेबल ज्याच्यासाठी आहे त्याला वाचता येत नाही. आणि ज्याची ही खोली, ते मूल अख्ख्या रीलमध्ये कुठेच नसतं. ते परत आलं की चुटकीचा परिणाम संपणार, हे रील करणाऱ्यालाही ठाऊक असतं.

आपण कवितेची, सिनेमाची समीक्षा करतो. घरात मुलांच्या वस्तू कुठे, किती उंचीवर, कशाच्या मागे ठेवल्या आहेत हाही एक मजकूरच असतो, आणि तोही वाचता येतो. मला त्यात नीटनेटकेपणापेक्षा परवानगी दिसते. ही वस्तू कुणी, कुणाला विचारून काढायची, हे कप्प्याची उंची सांगत असते.

आमच्या खान्देशात या मजकुराचं सर्वांत ठळक पान म्हणजे शोकेस. माझं लहानपण धुळ्यात गेलं, ताई लग्नानंतर जळगावला असते. दोन्हीकडे ज्या ज्या घरांत गेलो, तिथल्या हॉलमध्ये टीव्हीच्या आजूबाजूला सरकत्या काचांचं शोकेस होतंच. वरच्या कप्प्यात ट्रॉफ्या आणि शिंपल्यांचा ताजमहाल. मधल्या कप्प्यात पाहुण्यांसाठीचा कपबशांचा सेट. आणि त्याच्याच शेजारी बाहुली, रिमोटची गाडी, मोठं अस्वल, बहुतेकदा मूळ पॉलिथीनसकट. वाढदिवसाला आलेलं महागाचं खेळणं दोन दिवस मुलाच्या हातात राहतं, मग त्याची बढती होते आणि ते काचेमागे जातं. त्यानंतर ते मुलाचं राहत नाही, घराचं होतं. पाहुणे आले की मूल त्याच्याकडे बोट दाखवून ‘हे माझं आहे’ म्हणतं. हातात घेऊन सांगायची सोय नसते, म्हणून बोट.

याची टिंगल करणं सोपं आहे, आणि शहरात राहून आलेले माझ्या वयाचे लोक ती करतातही. मला ती पटत नाही. ज्या घरात वर्षाला एक-दोनच खेळणी विकत येत, तिथे मोडणं म्हणजे कायमचं जाणं होतं. काच ही काटकसर होती. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच, पुस्तकं वापरासाठी असतात, हा. इतकी उघड गोष्ट नियम म्हणून सांगावी लागली, कारण मध्ययुगीन युरोपात पुस्तकं साखळीने मांडणीला बांधलेली असत. हाताने नकललेलं पुस्तक अतोनात महाग असे. छापखाना आला, पुस्तकं स्वस्त झाली, तरी जपून ठेवायची सवय कितीतरी काळ टिकली. आमच्या शोकेसचंही तेच झालं आहे. आता फुले मार्केटमधून शंभर रुपयांत गाडी येते आणि आठवड्यात तिचं चाक निघतं, काच मात्र आहे तिथेच आहे.

पुस्तकांच्या बाबतीत काचेऐवजी माळा असतो. ‘फाटेल, वर ठेव’ हे वाक्य आमच्या आईने किती वेळा उच्चारलं असेल! माळा म्हणजे स्लॅबच्या खाली दोन फुटांवर. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो तेव्हा तिथे काय होतं, ते ज्याने वरून पुस्तकांचं खोकं उतरवलंय त्यालाच कळेल. बांधणीचा डिंक वाळून तडकतो, पान उलटलं की सुटं होतं, कडा तपकिरी होतात. खालच्या खोक्याला वाळवी लागली तर बोलायलाच नको. जपण्यासाठी वर ठेवलेलं पुस्तक वरच मरतं, आणि तेही न वाचता. फाटलेलं पुस्तक निदान वाचताना तरी फाटतं.

याआधीच्या घरांमध्ये हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटलेला होता, असं आजोळचं धाब्याचं घर आठवलं की वाटतं. मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड, आणि त्यांत कोनाडे. कोनाड्याला दार नसतं. कुणाचं काय कुठे ते उंचीवरूनच ठरे: दिवा वर, आजोबांची पानाची चंची त्याखाली, आणि पार खाली जमिनीपासून हातभर उंचीच्या कोनाड्यात आम्हा पोरांच्या चिंचोके, गोट्या, पोळ्याचा एक शिंग तुटका मातीचा बैल. कुणी ‘किड्स कॉर्नर’ म्हणत नव्हतं. आता फ्लॅटच्या आतल्या भिंती चार-सहा इंचांच्या. त्यांत कोनाडा कोरायला जागाच नाही, म्हणून फर्निचर आलं, फर्निचरला दारं आली. जुन्या घराचा गहिवर मला नको आहे, त्या घरात विंचूही निघत. पण भिंतीची जाडी कमी झाल्याबरोबर मुलाच्या हाताला लागणारी एक उघडी जागा गेली, एवढी नोंद करायला हवी.

आता त्या जागी आला आहे डबा. मोठा, झाकणाचा, प्लास्टिकचा. संध्याकाळी सगळं त्यात लोटायचं आणि झाकण लावायचं. आवरायला दोन मिनिटं, म्हणून तो सगळ्यांना आवडतो. आमच्या धंद्यात अशा रचनेला स्टॅक म्हणतात: शेवटी टाकलेलं आधी हाताला लागतं, आधी टाकलेलं तळाशी जातं. तळातलं काढायचं तर वरचं सगळं उपसावं लागतं. म्हणजे मुलाने पसारा केला असं आपण ज्याला म्हणतो, तो पुष्कळदा शोध असतो. त्याला एक लाल इंजिन हवं होतं, आणि रचनाच अशी होती की त्यासाठी शंभर वस्तू जमिनीवर याव्यात. ओरडा मात्र मुलाला बसतो.

मग आहे तेच कमी करा, असा सल्ला मिळतो. त्याला आधार म्हणून २०१८ सालचा एक अभ्यास सारखा पुढे केला जातो. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ३६ लहान मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन खेळू दिलं; चार असताना मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि जास्त तऱ्हांनी खेळली. निष्कर्ष मला पटतो. त्यावरून निघालेला बाजार पटत नाही. ती प्रयोगाची खोली होती. तिथे मोठा भाऊ नव्हता, शेजारची तीन मुलं नव्हती. शिवाय चारच बाहेर ठेवायची तर उरलेली कुठे ठेवायची? रीलमधल्या घरात त्यासाठी आणखी एक कपाट असतं. ताईचं घर दोन खोल्यांचं आहे. तरी आलटून पालटून ठेवण्याची युक्ती चालते: निम्मी खेळणी पिशवीत भरून पलंगाखाली, पंधरा दिवसांनी अदलाबदल. माझ्या साडेतीन वर्षांच्या भाचीला पलंगाखालून आलेलं खेळणं नवंच वाटतं.

या सगळ्यावर आज ‘मॉन्टेसरी’ नावाचा शिक्का मारून बुटकी शेल्फं विकली जातात, तेव्हा मूळ गोष्ट सांगायला हवी. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. तिथे मुलांना स्वतः उघडता येतील अशी बुटकी कपाटं होती. मुलाने साधन स्वतः काढायचं, काम झालं की जागेवर ठेवायचं. प्रत्येक साधन एकच, म्हणून दुसऱ्याने थांबायचं. म्हणजे कपाटाची उंची हाच शिकवण्याचा भाग होता. ही कल्पना मराठीत आली ती ताराबाई मोडकांमुळे. गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला, आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. माँटेसरींची साधनं महाग. खेड्यात ती परवडणार नव्हती, म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं केली. अंगणवाडीची कल्पना याच कामातून रुजली. एका गरीब वस्तीतून निघालेली आणि आपल्याकडे बिया-खड्यांवर उतरलेली गोष्ट, आता पाइनच्या लाकडात आठ हजारांना मिळते. यावर मी आणखी काही म्हणत नाही.

बियांचा एक गुण मात्र सांगण्यासारखा आहे. त्या हरवल्या तर चालतात. मातीच्या बैलाचं, चिंचोक्यांचं साठवणीचं ओझं नसतं. ऋतू गेला की ते मातीत जातात. अडगळ होते ती न कुजणाऱ्या वस्तूंची. जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीच्या नेमाड्यांनी २०१० च्या कादंबरीच्या नावात अडगळीला समृद्ध म्हटलं. त्यांची अडगळ संस्कृतीची होती. चाक निघालेल्या चायनीज गाडीला तो मान द्यायला मी तयार नाही. ती फेकावी.

पुस्तकांकडे वळू, कारण इथे प्रकाशकांशीही बोलायचं आहे. मराठीतली चित्रपुस्तकं गेल्या काही वर्षांत इतकी चांगली झाली आहेत की तक्रार करणं जिवावर येतं. माधुरी पुरंदऱ्यांचं ‘राधाचं घर’ भाचीने इतक्यांदा ऐकलंय की पान उलटायच्या आधी ती पुढचं सांगते. पण ही पुस्तकं पातळ असतात, मध्ये दोन पिना मारलेली. त्यांना कणा नसतो. उभी ठेवली की वाकतात, कणा नसल्यामुळे नावही दिसत नाही, आणि आडवी रचली की पुन्हा स्टॅक: सगळ्यात वरचं एकच पुस्तक रोज वाचलं जातं. वाचता न येणारं मूल पुस्तक ओळखतं ते मुखपृष्ठावरून. म्हणून मुखपृष्ठ समोर दिसेल अशीच ती ठेवायला हवीत. कितीतरी जिल्हा परिषद शाळांमध्ये शिक्षकांनी हे कधीच ओळखलं आहे. वर्गात दोरी बांधून त्यावर पुस्तकं कपडे वाळत घातल्यासारखी टांगतात. दोरी आणि चिमटे, खर्च पन्नास रुपये. मी आजवर पाहिलेल्या मुलांच्या पुस्तकांच्या मांडण्यांमध्ये मला ती सर्वांत हुशार वाटते. प्रकाशकांनी पुस्तकाच्या कोपऱ्यात टांगायला एक भोक दिलं तरी काम सोपं होईल. कॅलेंडरला देतातच की.

राहिला प्रश्न, हे सगळं रोज आवरतं कोण? रीलमध्ये हात दिसतात, ते बाईचे असतात. आमच्याकडेही तसंच. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया बनतात, देशभर जातात. तशीच एक चटई ताई दुपारी अंथरते, सगळा खेळ तिच्यावरच, आणि संध्याकाळी चारी कोपरे धरून चटईच टोपलीत उलटी करते. यंत्रणा म्हणून उत्तम. पण कोपरे धरणारे हात तिचेच. भावजी त्या वेळी मोबाइलवर असतात. मीही असायचो, आता मी तिथे असलो की दोन कोपरे माझे असतात. आवरण्याची जगद्गुरू मानली गेलेली जपानची मारी कोंडो हिनेही तिसऱ्या मुलानंतर घर टापटीप ठेवण्याचा नाद बराचसा सोडल्याचं २०२३ मध्ये सांगून टाकलं, तेव्हा लोक हसले. मला ते तिच्या पुस्तकांपेक्षा प्रामाणिक वाटलं.

आणि खान्देशात आवरणाऱ्या पुरुषाचं उदाहरण शोधायला फार लांब जावं लागत नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, छात्रालय सांभाळत. मुलं शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या आवरत, इकडेतिकडे पडलेल्या कपड्यांच्या घड्या घालून ठेवत. रागावत नसत, सांगतही नसत. मुलं परत येत ती आवरलेल्या खोलीत, आणि हळूहळू लाजून स्वतःच आवरायला लागत. आपण गुरुजींचे अश्रू लक्षात ठेवले आणि घड्या विसरलो. गोष्ट सांगणारे गुरुजी प्रत्येक घरात आहेत, कपडे उचलणारे गुरुजी कुठल्याच घरात नाहीत.

ताईकडे गेल्या दिवाळीत शोकेसच्या सर्वांत खालच्या कप्प्याची काच काढून टाकली. बाकी शोकेस आहे तसंच आहे, ताजमहाल, कपबशा, सगळं. आईला ते मुळीच आवडलं नाही. खालच्या कप्प्यात चार डबे ठेवले, झाकणं नाहीत, बाहेरून आतल्या वस्तूचा फोटो चिकटवलेला. वरचं वजन पुढे येऊ नये म्हणून शोकेस पाठीमागून भिंतीला खिळवलं; मूल कप्प्यात चढणार हे गृहीत धरायचं असतं. फोटो चिकटवल्यामुळे भाची वस्तू जागेवर ठेवते का? कधी ठेवते, कधी नाही. पहिल्या आठवड्यात तिने गाड्यांच्या डब्यातल्या गाड्या काढून टाकल्या आणि त्यात स्वतः बसली. नंतर तिने त्यात स्वयंपाकघरातलं लाटणं, आईच्या चष्म्याची रिकामी डबी, आजोबांचं संपलेलं औषधाचं पाकीट आणि ‘राधाचं घर’ असं नेऊन ठेवलं. औषधाचं पाकीट आम्ही काढून घेतलं. बाकीचं तसंच आहे. पोळ्या करायच्या वेळी ताई लाटणं तिच्याकडून मागून घेते.