बँक कोणाची, चावी कोणाची? 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' आज वाचताना

रिझर्व्ह बँकेबद्दल आपल्या फोनवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरत असतात. पहिला सांगतो की जगातल्या सगळ्या मध्यवर्ती बँका दोन-चार श्रीमंत घराण्यांच्या खिशात आहेत, आणि आपलीही त्यातलीच. दुसरा १४ एप्रिलच्या आसपास येतो : रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या पुस्तकातून जन्मली. पहिला मेसेज खोटा आहे, पाच मिनिटांत खोडता येतो. दुसरा अर्धा खरा आहे. त्यावर वाद घालण्यापेक्षा पुस्तकच उघडलेलं बरं. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात ते आहे.

आधी पाच मिनिटांचं काम उरकू.

१ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली, तेव्हा ती खरोखर खासगी भागधारकांची होती. भांडवल ५ कोटी रुपये, एक शेअर शंभराचा. सरकारकडे त्यातले जेमतेम २ लाख २० हजार रुपयांचे शेअर. बाकीचे मूठभर हातांत जाऊ नयेत म्हणून मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि रंगून अशा पाच नोंदवह्यांत त्यांची वाटणी केली, आणि शेअर कितीही असले तरी एका भागधारकाला जास्तीत जास्त दहा मतं ठेवली. १ जानेवारी १९४९ ला सरकारने सगळे शेअर ताब्यात घेतले, शंभराच्या शेअरमागे ११८ रुपये १० आणे देऊन. तेव्हापासून मालक एकच, भारत सरकार. भांडवल आजही पाचच कोटी आहे. त्या पाच कोटींच्या मालकाला बँकेने २०२४-२५ या वर्षासाठी दिलेला अधिशेष २ लाख ६८ हजार ५९० कोटींचा आहे.

म्हणजे घराणंबिराणं काही नाही. पण 'मालक सरकार' एवढं कळल्यावर खरंच काही कळतं का?

१९४९ च्या त्या पहिल्या जानेवारीला गव्हर्नरच्या खुर्चीत चिंतामणराव देशमुख होते. रायगडातल्या नाते गावचे, आयसीएस झालेले, आणि मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारचे वित्त सचिव राहिलेले. आमची मोर्शी तेव्हा त्याच सरकारच्या कारभारात होती. ३१ डिसेंबरला ते खासगी बँकेचे गव्हर्नर होते, दुसऱ्या दिवशी सरकारी बँकेचे. रातोरात मालक बदलला, माणूस तोच. बँकेचा दर नोव्हेंबर १९३५ पासून ३ टक्के होता, तो राष्ट्रीयीकरणानंतरही तसाच राहिला, थेट नोव्हेंबर १९५१ पर्यंत.

उलट बाजूने बघा. बँक खासगी असताना तिचे पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ यांचं व्याजदर आणि विनिमय दरावरून वित्त सदस्य ग्रिग यांच्याशी बिनसलं, आणि जावं लागलं ते स्मिथ यांना. बँक सरकारी झाल्यावर बेनेगल रामा राव यांचं अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याशी बिनसलं, आणि जानेवारी १९५७ मध्ये राजीनामा दिला रामा राव यांनी. मालक वेगळे, शेवट सारखा. बाहेर बघितलं तरी तेच. जपानच्या मध्यवर्ती बँकेत ४५ टक्के भाग खासगी लोकांचा आहे आणि स्विस बँकेचे शेअर बाजारात विकत मिळतात, पण ते घेऊन कोणाला येनचा किंवा फ्रँकचा व्याजदर ठरवता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला हे नवीन वाटणार नाही. कंपनी कोणाच्या नावावर आहे हे एक, आणि चालू सर्व्हरवर बदल करायची परवानगी कोणाकडे आहे हे दुसरं. रात्री दोन वाजता सिस्टिम पडली की विचारला जातो तो दुसरा प्रश्न.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे त्या दुसऱ्या प्रश्नाचं पुस्तक आहे.

पुस्तक आलं १९२३ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या बाबासाहेबांच्या डी.एस्सी.च्या प्रबंधातून. वय बत्तीस. सात प्रकरणं, पानोपानी तक्ते, समित्यांच्या अहवालांतले उतारे. वाचायला सोपं नाही. पण खाली एक गोष्ट सरळ चालत राहते, आणि ती धरली की पुस्तक सुटतं.

गोष्ट अशी. १८९३ पर्यंत रुपया चांदीचा होता आणि टांकसाळ सगळ्यांना उघडी होती. कोणीही चांदी न्यावी, रुपये पाडून आणावेत. किती रुपये फिरणार हे कोणी एक माणूस ठरवत नव्हता. मग जगभर चांदी स्वस्त झाली. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन शिलिंगच्या जवळ असलेला रुपया १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगवर आला. भारत सरकारला लंडनमध्ये पौंडांत पैसे भरावे लागत, कर मात्र रुपयांत यायचा. सरकारचं कंबरडं मोडायला लागलं, म्हणून जून १८९३ मध्ये टांकसाळ लोकांना बंद झाली. १८९८ च्या फाउलर समितीने सोन्याच्या नाण्याकडे जायला सांगितलं होतं. सरकार घसरत घसरत पोचलं भलतीकडेच : देशात फिरणार चांदीचा रुपया, त्याची किंमत राखली जाणार पौंडाशी, आणि किती रुपये पाडायचे ते सरकार ठरवणार. याला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ च्या आपल्या पुस्तकात या व्यवस्थेची वाखाणणी केली होती.

बत्तीस वर्षांचा हा माणूस त्याच व्यवस्थेवर हल्ला चढवतो. त्याचा मुद्दा 'सरकार परकं आहे म्हणून वाईट' असा नाही. तसा असता तर १९४७ ला पुस्तकाचं काम संपलं असतं. मुद्दा असा की नाणं पाडणाऱ्याच्या हातावर कसलीच मर्यादा नाही. रुपयाचा आधार म्हणून जो सोन्याचा राखीव निधी दाखवला जायचा, त्याबद्दलचं त्यांचं निरीक्षण मला सगळ्या पुस्तकात सर्वांत धारदार वाटतं. हा निधी भरायचा कशातून? रुपये पाडण्याच्या नफ्यातून. म्हणजे निधी वाढवायचा तर आणखी रुपये पाडायचे. आधार आणि बोजा एकाच नळाने भरायचे. ही चूक डिझाइनमधली आहे. कारभारी बदलून ती जात नाही.

दुसरा मुद्दा त्याहून जवळचा. रुपया घसरला की निर्यात वाढते, देशाचा फायदा होतो, असं तेव्हाही म्हटलं जायचं. तिसऱ्या प्रकरणात बाबासाहेब विचारतात, देशाचा म्हणजे कोणाचा? भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते. मधल्या काळात मालकाच्या हाती जे पडतं ते मजुराच्या ताटातून आलेलं असतं. देश श्रीमंत झालेला नसतो. एका वर्गाकडून दुसऱ्याकडे पैसा सरकलेला असतो, तोही कोणाला न विचारता.

हे वाचताना मला आमचंच घर दिसलं. मी ज्या कंपनीत काम करतो तिला पैसे डॉलरमध्ये मिळतात, मला पगार रुपयांत. रुपया घसरला की कंपनीचा तिमाही नफा सुधारतो, माझा पगार तिथेच असतो. त्याच आठवड्यात मोर्शीला संत्र्याच्या बगीचाला घालायचं खत महागण्याची भीती असते, कारण पोटॅश आपण सगळंच आणि डीएपी मोठ्या प्रमाणात बाहेरून आणतो. टीव्हीवर मात्र 'निर्यातदारांना दिलासा' अशी पट्टी फिरते. शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकाने ती पट्टी कशी वाचायची ते शिकवावं, हे मला त्याचं मोठेपण वाटतं. चौकात पुतळा उभारला की संपणारं हे मोठेपण नाही.

आता दुसऱ्या मेसेजकडे. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली हे खरं. याच आयोगाने १९२६ मध्ये रिझर्व्ह बँकेची शिफारस केली हेही खरं. पण हे पुस्तक बँकेचा आराखडा नाही. त्यांना हवं होतं ते असं : रुपये पाडणं सरकारलाही बंद करा, सोन्याचं नाणं पाडा, दोघांचं प्रमाण कायम ठेवा. मग पैसा कमीजास्त करणारा हातच उरणार नाही. आयोगाने यातलं सोन्याचं नाणं नाकारलं. रिझर्व्ह बँक म्हणजे तर पैशाचं व्यवस्थापन करणारी संस्था, आणि तिच्या कथित जन्मदात्या पुस्तकाचा मूळ सूर अशा व्यवस्थापनावरच्या अविश्वासाचा आहे. जयंतीचा मेसेज बाबासाहेबांना संस्थापक करतो आणि त्यांच्यातला टीकाकार पुसून टाकतो.

पण टीकाकारावरही टीका करायला हवी, नाहीतर आपण पुतळ्याचं पुस्तक केलं एवढंच. त्यांचं निदान अचूक आहे. उपाय मात्र आठ वर्षांतच उघडा पडला. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटननेच सोनं सोडलं. महामंदीत कापसाचे भाव कोसळले. शेतसारा आणि सावकाराचं देणं भागवायला देशभरच्या खेड्यांतून दागिने मोडले गेले आणि ते सोनं बोटीने बाहेर गेलं. त्या वेळी नाणं सोन्याचं आणि संख्येने बांधलेलं असतं, तर वऱ्हाडातल्या कास्तकाराचा फास आणखी आवळला असता. जे देश सोन्यापासून लवकर सुटले ते मंदीतूनही लवकर सावरले. कोणाचाच हात नको म्हणून धातूच्या हाती कारभार दिला, तर धातू रडणाऱ्याकडे बघत नाही. शिवाय पुस्तकातला पैसा मुख्यतः नाण्यांचा आणि नोटांचा आहे. आजचा बहुतेक पैसा बँकांच्या खात्यांतला आकडा आहे, त्याला टांकसाळ बंद करून लगाम घालता येत नाही. १९४७ च्या आवृत्तीला त्यांनी पहिला खंड म्हटलं होतं. पुढची गोष्ट सांगणारा दुसरा खंड आलाच नाही.

मग उरतं काय? उरतो प्रश्न : हात हवाच असेल, तर तो दिसेल कसा?

८ नोव्हेंबर २०१६ घ्या. कायद्याच्या २६व्या कलमानुसार रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळाने शिफारस करायची आणि सरकारने नोटा रद्द करायच्या. घडलं असं, की सरकारने ७ तारखेला बँकेला पत्र दिलं, ८ तारखेला संध्याकाळी मंडळ बसलं आणि रात्री आठला घोषणा झाली. १४ तारखेला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. मी तेव्हा इंजिनीअरिंगचा नवा विद्यार्थी होतो. आमच्याकडे ते दिवस आंबिया बहाराच्या तोडीचे. व्यापारी बगीचा उभाच घेतो, इसार देऊन ठेवतो, उरलेले पैसे तोडीच्या वेळी. तोडणाऱ्या मजुरांची मजुरी रोखीत. फळ थांबत नाही, आणि गावातल्या कास्तकाराचं खातं बहुतेक जिल्हा बँकेतच. त्या मंडळाच्या टेबलावर असं वावर कोणाच्या डोळ्यापुढे होतं का?

त्या बैठकीचं इतिवृत्त लोकांसमोर आलं ते मार्च २०१९ मध्ये, माहितीच्या अधिकारातून. त्यात मंडळाने नोंदवलं होतं, की काळा पैसा बहुतांशी रोखीत नसून सोन्यात आणि मालमत्तेत आहे, म्हणून या उपायाचा त्यावर फारसा परिणाम होणार नाही. तरी मंजुरी दिली. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ ला चार विरुद्ध एक मतांनी नोटाबंदी वैध ठरवली. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या एकट्या विरोधी निकालाचा गाभा हाच होता : प्रस्ताव सरकारकडून आला, बँकेने स्वतंत्र विचार केला असं दिसत नाही. आमच्या कामात याला लॉग म्हणतात. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद. इथे लॉग होता. वाचायला मिळाला सव्वादोन वर्षांनी.

थोडी सुधारणा झाली आहे, तेही सांगायला हवं. २०१६ पासून व्याजदर एकटा गव्हर्नर ठरवत नाही, सहा जणांची समिती ठरवते : तिघे बँकेचे, तिघे सरकारने नेमलेले. कोणी काय मत दिलं ते चौदाव्या दिवशी जाहीर होतं. महागाई ४ टक्क्यांवर, दोन इकडे-तिकडे धरून, राखायचं बंधन आहे. हे एका अर्थी बाबासाहेबांच्या सोन्याच्या जागी आलेलं आहे : हाताला बांधलेला नियम. पण २०२२ मध्ये हे बंधन पहिल्यांदा मोडलं, कायद्याप्रमाणे बँकेने सरकारला कारणांचं पत्र लिहिलं, आणि ते पत्र जाहीर केलं नाही. शिवाय सातवं कलम आहेच : गव्हर्नरशी सल्लामसलत करून सरकार जनहितार्थ बँकेला निर्देश देऊ शकतं. ते वापरलं जाणार का, या कुजबुजीतच २०१८ चं ते प्रकरण तापलं, आणि १० डिसेंबरला ऊर्जित पटेल राजीनामा देऊन गेले. कारण त्यांनी 'वैयक्तिक' असं लिहिलं.

म्हणून मला वाटतं, हे पुस्तक आज वाचायचं ते त्यातल्या सोन्यासाठी नाही आणि जयंतीच्या मेसेजसाठी तर नाहीच. त्यातला संशय उचलायचा. तो कोणा घराण्यावरचा आंधळा संशय नाही. तक्ते मांडून, समित्यांचे अहवाल उघडून, नफा कुठून आला आणि कोणाच्या ताटातून गेला हे आण्या-पैशांत विचारणारा तो संशय आहे. सगळी सात प्रकरणं जमली नाहीत तर तिसरं वाचा. आणि पुढच्या वेळी रुपया घसरल्यावर टीव्हीवर 'देशाचा फायदा' अशी पट्टी आली, की आवाज बंद करून खताच्या दुकानातला दर विचारून या.