मधुमेह्याचा पाय आणि ‘शीर’ हा शब्द

मधुमेह्याच्या पायावरील उपचारांत गेल्या काही दशकांत जो पालट झाला, त्याच्याशी मराठी शब्दयोजनेने जुळवून घेतलेले दिसत नाही. घोडबंदर रस्ता महामार्गास मिळतो त्या माजिवड्याच्या परिसरात आज मोठी रुग्णालये आहेत. गुडघ्याखालील बारीक धमन्या फुग्याने रुंद करण्याचा उपचारही आता नवलाचा उरलेला नाही. रुग्णाच्या हाताशी शब्द मात्र एकच: ‘शीर’.

हा शब्द विलक्षण लवचिक आहे. सलाईन लावताना ‘शीर सापडत नाही’ ती रक्तवाहिनी. कंबरेत ‘शीर दबते’ तो मज्जातंतू. मानेची ‘शीर आखडते’ तेव्हा बहुधा स्नायू. एरवी ह्या संदिग्धतेने कोणाचे अडत नाही. मधुमेह्याच्या पायात मात्र मज्जातंतू व धमनी दोन्ही बिघडतात, आणि चिन्हे परस्परविरुद्ध असतात. मज्जातंतू निकामी झाला की पाय ऊबदार राहतो, नाडी लागते, पण टोचलेला खडा कळत नाही. तेथे मुख्य उपाय जखमेवरचा भार काढण्याचा; पॉल ब्रँड यांनी वेलोरला कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी वापरलेली प्लास्टरची पद्धत पुढे मधुमेह्यांच्याही कामी आली. धमनी चोंदली तर पाय गार पडतो, नाडी लागत नाही, चालताना पोटऱ्या भरून येतात. तेथे आधी रक्तप्रवाह मोकळा करावा लागतो. दोन्ही विकार एकत्र असले तर बधिरपणा ही वेदनाही झाकून टाकतो. ‘शीर खराब झाली’ एवढेच ऐकलेला रुग्ण पाय कढत पाण्याने शेकतो आणि न कळत भाजून घेतो.

परिभाषाकारांचा ‘पादव्रण’ याहून बरा म्हणावा, तर तोही फसवा. संस्कृत वैद्यकात व्रण म्हणजे जखम; रूढ मराठीत बहुधा भरून आलेल्या जखमेची खूण. उघड्या जखमेस बऱ्या झालेल्या जखमेचे नाव! ‘अल्सर’ म्हणावे तर ऐकणाऱ्यास पोट आठवते. ‘चिघळलेली जखम’ हा घरगुती प्रयोग दोहोंहून अचूक आहे.

सर्वांत घातक ‘पाय सडला’. भूतकाळी क्रियापदाने निकालच दिला जातो. वस्तुतः बोट मृत असले तरी पाऊल जिवंत असू शकते, आणि वेळीच रक्त पोचविल्यास पुष्कळदा बोटावरच निभावते. ‘पायाला रक्त पोचत नाही’ ह्या साध्या वाक्यात कारणही आहे आणि उपायाची दिशाही. ‘धमनी’ व ‘मज्जातंतू’ हे शब्द शालेय पुस्तकांनी केव्हाच परिचित केले आहेत. रुग्णपत्रकांत ते योजण्यास अडचण कोणती, हे समजत नाही.