आंबणे आणि नासणे : एका पेयाचे रसग्रहण

वाङ्मयाला वाहिलेल्या नियतकालिकात एका बिअरची चर्चा करावयाची, म्हणजे आरंभी क्षमायाचना करणे ओघानेच आले. परंतु आपल्या साहित्यशास्त्रातील सर्वांत मोठा शब्द जो 'रस', तो मुळात जिभेकडूनच आलेला आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रसाची कल्पना विशद करताना नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न सेवन करणाऱ्या सुमनस पुरुषाचा दाखला दिला. पुढे अभिनवगुप्त आणि मम्मट यांनी तर पानक या पेयाचाच दृष्टान्त घेतला. पानकातील घटक पिताना वेगवेगळे जाणवत नाहीत. त्यांच्या मिश्रणातून एक निराळाच, अखंड आस्वाद सिद्ध होतो. ज्या शास्त्राने काव्याचे मर्म पेयावरून उलगडले, त्याच्या एखाद्या वारसाने पेयाचे मर्म त्याच शास्त्राच्या कसोटीवर पाहिले, तर तो फार मोठा अपराध ठरू नये.

पेयाचे नाव क्रीक. ब्रुसेल्स शहर आणि त्याच्या पश्चिमेकडील पायोटनलँड नावाचा शेतीप्रदेश ही त्याची जन्मभूमी. फ्लेमिश भाषेत क्रीक म्हणजे आंबट चेरी. ओकच्या पिंपात मुरलेल्या लांबिक नावाच्या आंबट बिअरमध्ये अख्ख्या चेरी, आठळ्यांसकट, काही महिने घालून ठेवल्या की क्रीक तयार होते.

काही वर्षांपूर्वी ब्रुसेल्समध्ये हे पेय प्रथम माझ्यासमोर आले, तेव्हा मी एका घोटातच निकाल देऊन मोकळा झालो. रंग माणकासारखा, वर गुलाबी फेस. म्हणून मनाने सरबताची अपेक्षा धरली होती. जिभेवर आली ती दात शिवशिवतील अशी आम्लता, आणि तिच्या मागून जुन्या तळघराचा, ओल्या लाकडाचा वास. 'हे नासले आहे,' असे मी शेजारी बसलेल्या स्नेह्याला मराठीत म्हणालो आणि अर्धा पेला तसाच ठेवून उठलो. आज हे लिहावयास बसलो आहे तो त्या निकालाचा फेरविचार करण्यासाठी. कारण त्या एका वाक्यात चूक चवीची नव्हती, क्रियापदाची होती.

दूध नासते, दही विरजते, पीठ आंबते. तिन्ही ठिकाणी घडते ते एकाच जातीचे : डोळ्यांना न दिसणारे जीव पदार्थाचे रूप पालटून टाकतात. तरीही मराठीने या तीन क्रिया तीन शब्दांनी वेगळ्या राखल्या. पदार्थ नासतो तो आपल्या इच्छेविरुद्ध. विरजतो आणि आंबतो तो आपल्या संमतीने. एवढेच नव्हे, तर किण्वनाच्या साऱ्या क्रियेला आपल्या व्यवहारात शब्द आहे तोच मुळी 'आंबवणे', म्हणजे आंबट करणे. 'आंबटशौकीन' म्हणून हिणवणाऱ्या आणि कोल्ह्याची द्राक्षे आंबट ठरवणाऱ्या याच भाषेने, आंबटपणा हे परिपक्वतेचेही एक रूप आहे ही जाण या क्रियापदात जपून ठेवली आहे.

युरोपातील बहुतेक बिअरवाल्यांनी मात्र आंबटपणाशी काडीमोड घेतला. पाश्चरचा बिअरवरील ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेनने एकाच शुद्ध जातीचे यीस्ट वाढवून दाखविले. तेव्हापासून निवडलेल्या यीस्टखेरीज दुसऱ्या कोणत्याही जीवाला बिअरच्या भांड्यात प्रवेश मिळू नये, हा त्या धंद्याचा धर्म झाला. लांबिक करणारे या धर्माबाहेर राहिले. थंडीच्या महिन्यांत ते बार्लीचे माल्ट आणि सुमारे एक तृतीयांश कच्चा गहू यांचा काढा उकळतात. त्यात हॉपची फुले घालतात तीही मुद्दाम जुनी, कडूपणा ओसरलेली. कारण त्यांच्याकडून हवा असतो तो टिकाऊपणा, कडू चव नव्हे. मग तो काढा छपराखालच्या रुंद, उथळ भांड्यात रात्रभर उघडा ठेवतात. रात्रीची हवा आणि जुन्या वास्तूतील जीव त्यात उतरतात. वरून यीस्ट घालीत नाहीत. सकाळी तो पिंपांत भरला जातो आणि तेथे एक, दोन, कधी तीन वर्षे राहतो. लाकडाच्या छिद्रांत वस्तीला असलेले जीव सावकाश कामाला लागतात. १९२१ साली लांबिकमध्ये ओळखल्या गेलेल्या एका यीस्टच्या नावात तर ब्रुसेल्स शहरच गोवले गेले आहे. हेच यीस्ट द्राक्षमद्याच्या पिंपात शिरले, तर तेथील जाणकार बहुधा दोष म्हणून त्याची नोंद करतात. एकाच्या घरचा दोष दुसऱ्याच्या घरी गुण व्हावा, हा अनुभव साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही.

आता आस्वादाकडे वळू. क्रीकचा स्थायी रस आम्ल. याविषयी वाद नाही. परंतु केवळ आम्ल असते तर लिंबाच्या फोडीने भागले असते. ओकचे लाकूड आणि चेरीची साल तिला कषायाची जोड देतात. जीभ किंचित आवळली जाते आणि आम्लतेला धरावयास काठ मिळतो. आठळ्यांतून बदामासारखा गंध येतो, तो घोट गिळल्यानंतर उमगतो. आणि मधुर? तेथेच या पेयाचे खरे मर्म आहे. चेरीतील साखर पिंपातील जीवांनी जवळजवळ संपवून टाकलेली असते. उरतो तो रंग, गंध, सालीचा तुरटपणा. फळ आहे, पण फळाचा गोडवा नाही. जे गेले आहे त्याची जाणीव जे उरले आहे ते करून देते. आणि ही जाणीव कोणत्याही गोडव्यापेक्षा अधिक काळ टिकते. चांगल्या क्रीकमध्ये 'ही चेरी, हा ओक, ही आम्लता' अशी बोटे दाखविता येत नाहीत. पानकाचा दृष्टान्त येथे अक्षरशः खरा ठरतो.

याच कसोटीवर क्रीक नावानेच विकल्या जाणाऱ्या दुसऱ्या पेयाचा विचार करावा लागतो. त्यात गोडी वरून घातलेली असते, अनेकदा फळाऐवजी रस किंवा अर्क असतो. ते पिताना साखर वेगळी उभी राहते, फळाचा अर्क वेगळा उभा राहतो, आणि खालची बिअर या दोघांच्या आड लपते. पहिल्याच घोटात ते सगळे सांगून टाकते. दुसऱ्या घोटाला सांगण्यासारखे त्याच्याजवळ काही उरत नाही. ते वाईट आहे असे मी म्हणणार नाही, उन्हाळ्याच्या दुपारी त्याची गोडी कोणालाही रुचेल. पण ते त्या नावाचे नव्हे. 'औदे क्रीक', म्हणजे जुनी क्रीक, या नावाला युरोपीय संघाने १९९७ साली संरक्षण दिले, ते हा भेद राहावा म्हणूनच. मात्र बाटलीवरचे शब्द कायदा राखू शकतो. जिभेवरचा भेद ज्याचा त्यालाच राखावा लागतो.

तथापि परंपरेच्या नावावर सारेच खपू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पिंपात हवा अधिक शिरली की आम्लता शिरक्याकडे झुकते. नाकात झोंबते, घशाला बोचते, आणि फळ तिच्याखाली दबून जाते. अशा पेल्यापुढेही माना डोलावणारे रसिक मी पाहिले आहेत. आंबट आहे म्हणून थोर, असे मानणे आणि आंबट आहे म्हणून नासके, असे मानणे यांत तत्त्वतः फरक नाही. दोन्हीकडे चव न घेताच निकाल दिलेला असतो. उत्तम पिंपे जुळविणारा कारागीर याहून कठोर असतो. तो पिंपापिंपातून चाखतो, एकमेकांना पूरक ती निवडतो, आणि जे बिघडले ते बाजूला सारतो. त्याचे काम समीक्षकाचेच आहे.

ब्रुसेल्सच्या अँडरलेख्त भागात १९०० साली स्थापन झालेली कान्तिलाँ ही भट्टी आजही चालू आहे आणि १९७८ पासून संग्रहालय म्हणूनही खुली आहे. तेथे मी दुसऱ्यांदा क्रीक घेतली. या वेळी सरबताची अपेक्षा दाराबाहेर ठेवली होती. पहिला घोट पूर्वीसारखाच दात शिवशिवविणारा. दुसऱ्यात लाकूड कळले. तिसऱ्यात, फार उशिरा, चेरी आली. पेय तेच होते. सुमनस होण्यास मला मध्ये काही दिवस लागले होते.

आपण बृहन्महाराष्ट्रातील माणसे परक्या भाषांच्या, परक्या स्वयंपाकघरांच्या शेजारात जन्म काढतो. शेजाऱ्याच्या ताटातील जे आपल्या जिभेला रुचत नाही, त्याला 'नासले' म्हणण्याचा मोह आपणांस पदोपदी होतो. आपल्या ताटाविषयी त्यांनाही तो होत असेल. अशा वेळी निकाल द्यावा लागणारच, नाहीतर अभिरुचीला अर्थ उरणार नाही. पण तो देण्यापूर्वी योग्य क्रियापद कोणते हे ठरेपर्यंत थांबावे, निदान तिसऱ्या घोटापर्यंत तरी.