खडकी युद्धसमाधिभूमी

खडकी युद्धसमाधिभूमी : महाराष्ट्र राज्यातील पुणे शहराच्या खडकी छावणी परिसरातील लष्करी दफनभूमी व स्मारक. पश्चिम व मध्य भारतातील ज्या युद्धसमाधींची कायम निगा राखणे शक्य नव्हते, त्या एकत्र आणण्यासाठी ही भूमी निर्माण करण्यात आली. तीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ समाधी आहेत. पहिल्या महायुद्धातील ६२९ समाधी मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून १९६२ मध्ये येथे हलविण्यात आल्या. व्यवस्था राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे आहे.

पार्श्वभूमी : डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला व मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. मे १९४२ पर्यंत ब्रिटिश सैन्याने ब्रह्मदेशातून आसाम-मणिपूरपर्यंत माघार घेतली. आराकानमधील पहिली चढाई (१९४२-४३) फसली. १९४३ च्या अखेरीस विल्यम स्लिम याच्या आधिपत्याखाली चौदावी सेना उभी राहिली. इंफाळ-कोहीमा येथे (मार्च-जुलै १९४४) जपानी आक्रमण मोडून तिने मे १९४५ पर्यंत रंगून परत मिळविले. या सेनेत भारतीय सैनिक बहुसंख्य होते. सांगशाक येथे मार्च १९४४ मध्ये मराठा पलटणीची चौथी बटालियन लढली. कांगॉ येथे जानेवारी १९४५ मध्ये कोल्हापूर भागातील शं. पां. पा. थोरात यांनी पंजाब पलटणीच्या बटालियनचे नेतृत्व केले.

रणक्षेत्रापासून दूर असलेला पश्चिम व मध्य भारत हा या मोहिमेचा पिछाडीचा आधार होता. खडकीस दारूगोळ्याचा कारखाना व मुंबई सॅपर्सचे केंद्र होते. कोहीमा येथे लढलेल्या ब्रिटिशांच्या दुसऱ्या डिव्हिजनने अहमदनगर-बेळगाव परिसरात, तर विंगेटच्या चिंडिट तुकड्यांनी सागरनजीकच्या जंगलात सराव केला होता. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हिवताप, आमांश इ. रोगांनी निकामी झालेल्यांची संख्या जखमींच्या कित्येक पट होती. पिछाडीवरही आजार व अपघात माणसे नेतच होते. त्यामुळे खडकीच्या समाधी लढाईची कथा फारशी सांगत नाहीत. लढाई ज्या खर्चावर चालते, तो खर्च त्या दाखवितात. या भूमीचे खरे ऐतिहासिक मोल येथेच आहे.

रचना व मूल्यमापन : आयोगाच्या सर्वमान्य संकेतांनुसार येथील समाधिशिला एकसारख्या आकाराच्या असून हुद्द्यानुसार भेद केलेला नाही. रेजिनाल्ड ब्लूमफील्ड याने आयोगासाठी आखलेला बलिदान-क्रूस हा रचनेचा केंद्रबिंदू होय. हिरवळ, सरळ रांगा व मोजका मजकूर यांमुळे विजयाचा डौल टळला आहे. हा संयम रचनेचा सर्वांत मोठा गुण मानावा लागेल.

परंतु ही समता समाधीपुरतीच आहे. बहुसंख्य हिंदू व शीख सैनिकांचे दहन झाल्याने त्यांच्या नावे समाधिशिला नाही. इंफाळ व कोहीमा येथे त्यांच्यासाठी दहनस्मारके असून त्यांवर अनुक्रमे ८६८ व ९१७ सैनिकांचे स्मरण केलेले आहे. परिणामी महाराष्ट्रातील या भूमीतून फिरणाऱ्यास ब्रह्मदेशची मोहीम मुख्यतः ब्रिटिशांची वाटण्याचा संभव राहतो. आराकान व कबॉ खोऱ्यात लढलेल्या आफ्रिकी डिव्हिजनांची आठवण मात्र येथे ठळक आहे. भारतात रणक्षेत्राबाहेर मृत्यू पावलेल्या सु. २०० पूर्व व पश्चिम आफ्रिकी सैनिकांची नावे येथील स्मारकावर आहेत. कारण त्यांच्या विखुरलेल्या समाधींची निगा राखणे शक्य झाले नाही. पहिल्या महायुद्धानंतर आशियाई व आफ्रिकी सैनिकांच्या स्मरणात विषमता झाल्याचे आयोगाच्या २०२१ च्या अहवालात मान्य करण्यात आले आहे. येथील पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावरील १,८०० हून अधिक नावे वाचताना ही कबुली ध्यानात ठेवावी लागते.

आझाद हिंद सेनेचे सैनिक इंफाळच्या लढाईत जपानच्या बाजूने होते. एकाच रणांगणावर भारतीय दोन्हीकडे होते, ही गोष्ट आयोगाच्या स्मारकपद्धतीत बसत नाही. पद्धत ज्या सेनांसाठी आखली, त्यांचीच नावे ती नोंदविते. त्यामुळे खडकीची भूमी हा मोहिमेचा एक विश्वसनीय परंतु अपुरा पुरावा ठरतो. मृतांच्या नावांच्या जतनात ती चोख आहे. मोहिमेचा भारतीय अर्थ समजण्यासाठी मात्र इंफाळ-कोहीमाची दहनस्मारके आणि आझाद हिंद सेनेचा इतिहास यांची जोड तिला द्यावी लागते.