सांगणारी आणि टिपणारा

‘सांगत्ये ऐका’ हे पुस्तक हातात घेतले की मी आधी शीर्षकातल्या पहिल्या शब्दापाशी थांबते. छापील मराठीत ‘सांगते’ लिहितात. इथे ‘सांगत्ये’ आहे. हे रूप घरात, ओसरीवर बोलताना तोंडी येणारे. बोलणारी बाई आहे आणि तिचे सांगणे आत्ता चालू आहे, या दोन्ही गोष्टी त्या जोडाक्षरात ऐकू येतात. पुढचा ‘ऐका’ विनवणीचा वाटत नाही. बसा आणि ऐका, असा त्याचा सूर आहे. पुस्तकाने हा सूर शेवटपर्यंत सोडलेला नाही.

नाव मूळचे चित्रपटाचे. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ हा तमाशापट १९५९ साली आला आणि पुण्याच्या ‘विजयानंद’मध्ये अडीच वर्षे चालला. त्यातील अभिनेत्री हंसा वाडकर यांनी तेच नाव आपल्या आत्मकथनाला दिले. १९७० साली ‘राजहंस’ने ते प्रसिद्ध केले. शब्दांकन अरुण साधू यांचे.

शब्दांकन करणाऱ्याला मोह फार असतात. नटी बोलते तुटक. तिची वाक्ये घोटून घ्यावीत, कडू आठवणीला एखादी उपमा जोडावी, प्रकरणाच्या शेवटी दोन ओळींचा पश्चात्ताप घालावा, असे वाटत राहते. साधूंनी यातले काही केलेले दिसत नाही. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिणाऱ्या या कादंबरीकाराची स्वतःची शैली इथे शोधूनही सापडत नाही. आठवण जशी उड्या मारते तसे निवेदन जाते. वाक्ये छोटी आहेत. बाई स्वतःची वकिली करत नाहीत आणि कुणावर खटलाही भरत नाहीत.

रतन साळगावकर या मुलीची हंसा वाडकर झाली, तो भाग पाहा. घरची चूल पेटती राहावी म्हणून कोवळ्या वयात ती स्टुडिओत गेली. लग्नानंतर तरी संसार मिळेल ही तिची आशा. मिळाले ते पुन्हा शूटिंगच. मग घर सोडणे आले, फसगत आली, दारू आली. दुसरा कुणी या जागी आवाज चढवता. हंसाबाई कालची गोष्ट सांगावी तशा सांगतात, आणि म्हणूनच वाचताना घसा दाटतो.

पडद्यावर त्या १९४१च्या ‘संत सखू’मध्ये सासुरवास सोसणारी सून होत्या, तर १९४७च्या ‘लोकशाहीर राम जोशी’त तमासगीर बया. प्रेक्षकांनी एकीला हात जोडले, दुसरीला शिट्ट्या दिल्या. पुस्तकात सखू आणि बया या दोघींच्या मागे एकच बाई उभी दिसते: कामावर जाणारी, घराकडे डोळे लागलेली.

श्याम बेनेगल यांनी १९७७ साली याच आत्मकथनावरून ‘भूमिका’ केला. नावे बदलली, गतकाळाला कृष्णधवल रंग दिला. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो त्यांच्या कामाला शोभणाराच होता. तरी एक फरक उरतो. चित्रपटात कॅमेरा त्या बाईकडे पाहतो. पुस्तकात ती बाई आपल्याकडे पाहते. ही नजर शब्दांकनाने जपली, हे त्याचे मोठेपण.

पुस्तक निघाल्यावर हंसाबाई फार जगल्या नाहीत. पन्नाशीही त्यांनी गाठली नाही. जुन्या नटनट्यांची चरित्रे आज पुष्कळ निघतात. ती लिहिणाऱ्यांनी आणि छापणाऱ्यांनी कागदाला हात लावण्यापूर्वी हे छोटे पुस्तक एकदा वाचावे, आणि मनात न वाचता मोठ्याने वाचावे. ते ऐकण्यासाठीच सांगितलेले आहे.